पाणी दारात येण्याआधी गोणी भरा

मुरबाड तालुक्यातल्या एका वस्तीत आम्ही एका घरी बसलो होतो. पावसाळा सरून महिना झाला होता. घरच्या आजींनी पत्र्याची पेटी ओढून पुढे घेतली आणि झाकण उघडून आम्हांला दाखवली. वर कपडे होते, आणि तळाशी कागदांचा एक गोळा होता. भिजून एकमेकांना चिकटलेला आणि मग वाळून कडक झालेला. त्या गोळ्यात आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला होता.

"नातीच्या दाखल्याला ह्योच कागद लागायचा, बाबा," आजी म्हणाल्या. "पाण्याला काय ठाऊक, कंचा कागद कामाचा!"

अनुसूचित जातीच्या दाखल्यासाठी आणि पुढे पडताळणीसाठी 10 ऑगस्ट 1950 पूर्वीचा पुरावा मागतात, हे आपल्या घरोघरी ठाऊक आहे. त्या काळात ज्या घरातला एखादा मुलगा शाळेत गेला, त्या घरात असा एखादाच कागद असतो. त्या एका कागदावर नातीचे कॉलेज आणि नातवाची नोकरी उभी असते.

आम्ही विचारले, घरात पाणी किती चढले होते? आजींनी भिंतीवर ओलीची रेघ दाखवली. रेघ जमिनीपासून जेमतेम वीतभर होती. माणसाच्या घोट्याच्या थोडे वर. तेवढ्याच पाण्याने पेटीचा तळ भिजला, तांदळाचे खालचे पोते गेले, मुलांची वह्या-पुस्तके गेली. आणि त्याच घराच्या मागे, नव्या बांधकामासाठी आणलेला रेतीचा ढीग होता. खाटेखाली सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांची चळत होती. रेती होती, गोण्या होत्या, हातही होते. नव्हते ते एवढेच, की दोन्ही गोष्टी वेळेवर एकत्र आल्या नाहीत.

हा लेख त्या वीतभर पाण्याविषयी आहे.

आपल्या वस्त्या आणि आपले पाणी

शहापूर आणि मुरबाड हे सह्याद्रीच्या पायथ्याचे तालुके. माळशेजपासून कसाऱ्यापर्यंतच्या डोंगररांगेवर जो पाऊस कोसळतो, तो याच दोन तालुक्यांतून खाली उतरतो. मुरबाडकडून काळू नदी येते, शहापूरकडून भातसा येते, आणि दोघींचे पाणी पुढे उल्हास नदीला मिळते. या मोठ्या नद्यांना मिळणारे ओहोळ तर गावोगावी आहेत. उन्हाळ्यात त्यातून पोरे क्रिकेट खेळतात आणि जुलैत तोच ओहोळ तासाभरात कमरेइतका होतो.

आता आपली वस्ती कुठे आहे ते आठवून पाहा. जुन्या गावांची मांडणी आपणांस सांगायला नको. गावठाण उंचावर, देऊळ आणि पाटलाचा वाडा त्याहून उंचावर, आणि आपल्या वाडवडिलांना जागा मिळाली ती पुष्कळ ठिकाणी गावाबाहेर, उताराला, ओहोळाच्या कडेला. गावाचे सांडपाणी जिकडे जाते तिकडे. आज घरे पक्की झाली, विहार झाला, रस्ता झाला. पण जमिनीचा उतार बदललेला नाही. वरच्या आळीत रस्ता उंच केला, की त्याचे पाणी अजूनही खालच्याच आळीत येते.

26 जुलै 2005 आपल्यापैकी कोणी विसरलेले नाही. मुंबईत सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस झाला आणि कल्याण, बदलापूरपर्यंत ठाणे जिल्ह्याने तो प्रलय पाहिला. त्यानंतरही पाणी येतच राहिले. 27 जुलै 2019 ला उल्हास नदीच्या पुरात बदलापूर आणि वांगणी यांच्यामध्ये महालक्ष्मी एक्स्प्रेस अडकली. हजारावर प्रवाशांना बोटींतून काढावे लागले. 22 जुलै 2021 च्या पावसात कल्याण-मुरबाड रस्त्यावरच्या रायते पुलाचा जोडरस्ता वाहून गेला आणि मुरबाडकरांची वाट तुटली. 7 जुलै 2024 ला शहापुरात भारंगी नदीचे पाणी वस्तीत शिरले, आणि आटगाव ते थानशितच्या दरम्यान रुळांवर माती आल्याने कसाऱ्याकडची गाडी बंद पडली. शहापूर-मुरबाड रस्त्यावरच्या सापगावच्या पुलावरची वाहतूकही भातसाच्या पाण्यामुळे थांबवण्याची पाळी आलेली आहे.

यातून एक गोष्ट ध्यानात घ्या. ज्या दिवशी आपल्या दारात पाणी येते, त्याच दिवशी रस्ता आणि रेल्वेही बंद होते. म्हणजे कल्याण-ठाण्याला कामाला गेलेला माणूस तिकडेच अडकतो. मुरबाडच्या एमआयडीसीत पाळीला गेलेला पुलाच्या पलीकडे राहतो. घरात असतात त्या बाया, म्हातारी माणसे आणि शाळा लवकर सुटून आलेली मुले. त्या वेळी "रेती आणा, गोण्या भरा" असे म्हणून उपयोग नाही. रेती ओली होऊन जड झालेली असते, सुतळी सापडत नाही, फावडे शेजाऱ्याकडे असते. म्हणून आमचे पहिले सांगणे हे, की गोणी पावसात भरायची नसते. ती मे महिन्यात, घरात सगळे हात असताना भरून ठेवायची असते.

गोणी काय करते, काय करीत नाही

गोणीबद्दल दोन गैरसमज आहेत. एक म्हणजे गोण्या लावल्या की घर कोरडे राहते. दुसरा म्हणजे गोण्यांनी काहीच होत नाही, पाणी यायचे ते येतेच. दोन्ही खरे नाहीत.

गोणी म्हणजे भिंत नव्हे. तिच्यातून पाणी झिरपते. पण ती धावत्या पाण्याचा जोर मोडते, त्याला बाजूला वळवते आणि आत येणारे पाणी थोडे थोडे येऊ देते. ते थोडे पाणी घमेल्याने आणि फडक्याने उपसता येते. दोन-चार तास मिळतात. त्या दोन-चार तासांत तांदूळ माळ्यावर जातो, कागद विहारात पोचतात, म्हातारी माणसे उंच जागी नेता येतात. आपल्या ओहोळांचे पाणी बहुधा असेच काही तासांचे असते. डोंगरात पाऊस थांबला की ते उतरते. म्हणून वीत-दीड वीत पाण्यापुरती गोणी फार कामाची आहे.

गोणी कशी भरावी

सिमेंटची रिकामी गोणी सर्वांत सोपी. बांधकामावर मिळते, घरातही असते. ती झटकून, पाण्याने धुऊन वाळवा. फाटकी असेल तर घेऊ नका. खताची किंवा तांदळाची प्लॅस्टिकची गोणीही चालते. गोणपाटाचे बारदान जमिनीवर चांगले बसते, पण ओल धरून कुजते आणि त्याला वाळवी लागते. जे हाताशी असेल ते घ्या, पण एका दाराला एकाच मापाच्या गोण्या वापरा.

आत भरायला रेती उत्तम. ती दाबून बसते आणि गोणी जागच्या जागी पसरते. रेती नसेल तर बारीक मुरूम किंवा शेतातली माती चालते. मात्र मुरमातले टोकदार दगड वेचून काढा. त्यांनी गोणी फाटते, आणि दगडांच्या फटींतून पाणी वाट काढते. नदीतली रेती परवानगीवाचून उपसू नका. तो गुन्हा आहेच, शिवाय ज्या काठाने आपल्याला वाचवायचे तोच काठ आपण पोखरतो.

आता सर्वांत महत्त्वाचे. गोणी तोंडापर्यंत भरू नका. बहुतेक माणसे इथेच चुकतात. गच्च भरलेली गोणी कलिंगडासारखी गोल होते. दोन गोल गोण्यांच्या मध्ये फट राहते आणि पाणी त्याच फटीतून घरात येते. सिमेंटची गोणी निम्मीच भरा. निम्म्या गोणीत साधारण 25 ते 30 किलो रेती बसते. ती चपटी पसरते, शेजारच्या गोणीला चिकटते, आणि दोन बायांना दोन बाजूंनी धरून सहज उचलता येते. पूर्ण भरलेली गोणी उचलायला गडी लागतो, आणि गडी त्या दिवशी कल्याणला अडकलेला असेल!

भरताना दोघे जण असावेत. एकाने गोणीचे तोंड उघडे धरावे, दुसऱ्याने फावड्याने किंवा घमेल्याने भरावी. तोंड अगदी टोकाला सुतळीने बांधा किंवा दाभणाने शिवून घ्या. गळ्याशी आवळून बांधले तर गोणी पुन्हा गोल होते.

भरलेल्या गोण्या उन्हात ठेवू नका. प्लॅस्टिकची गोणी उन्हाने विरते आणि ऐन वेळी उचलताना हातात फाटते. पडवीत किंवा छपराखाली, फळ्यांवर रचून ठेवा आणि वर ताडपत्री टाका. जूनच्या पहिल्या आठवड्यात प्रत्येक गोणी एकदा उचलून पाहा.

गोणी कशी रचावी

पाणी येण्याचे लक्षण दिसले की आधी दारापुढची जागा झाडून घ्या. पालापाचोळा, खडी, काटक्या राहिल्या तर गोणी जमिनीला नीट बसत नाही.

मग मेणकापड घ्या. शेतावर झाकायला आणतो ते जाड प्लॅस्टिक चालेल. ते पाण्याच्या बाजूने असे टाका, की त्याची एक कड पहिल्या थराच्या गोण्यांखाली दबेल आणि दुसरी कड वरच्या थरावरून आत येईल. कापड ताणून बसवू नका, सैल ठेवा. पाण्याचा दाब त्याला गोण्यांवर दाबून धरील. ताणलेले कापड मात्र फाटेल. गोण्यांमधून जे पाणी झिरपले असते, त्यातले पुष्कळसे हे कापड अडवते.

गोण्या दाराच्या रुंदीला धरून आडव्या ठेवा. बांधलेले तोंड दुमडून गोणीच्या खाली घ्या. एक गोणी ठेवली की तिच्यावर पाय देऊन नीट दाबा. पुढची गोणी तिला घट्ट भिडवा. दुसरा थर विटांच्या बांधकामासारखा सांधा मोडून ठेवा. म्हणजे खालच्या दोन गोण्यांच्या सांध्यावर वरच्या गोणीचे पोट यावे. आपल्या समाजात गवंडी आणि वीटभट्टीवर राबलेले हात पुष्कळ आहेत. त्यांना सांधा मोडणे शिकवायला नको.

गोण्या दाराच्या चौकटीपुरत्याच ठेवू नका. दोन्ही बाजूंनी भिंतीवर वीत-दीड वीत तरी पुढे जाऊ द्या. नाहीतर पाणी चौकटीच्या कडेने आत शिरते.

किती गोण्या लागतील? तीन फुटी दाराला एका ओळीत तीन गोण्या बसतात. वीतभर पाणी अडवायला दोन थर, म्हणजे सहा गोण्या पुरतात. फूटभर उंच रचायचे असेल तर नुसती उभी रांग पडते. तिथे खाली तीन ओळी, मधल्या थरात दोन आणि वर एक, अशी पायरी करावी लागते. त्याला 18 गोण्या होतात. एक ब्रास रेतीत निम्म्या भरलेल्या साधारण दीडशे गोण्या होतात. म्हणजे आठ दारांची फूटभर उंच सोय झाली, किंवा पंचवीस दारांची वीतभर उंच. हा हिशेब वस्तीच्या बैठकीत मांडा. तो एकट्याने झेपणारा नाही, पण पाच-दहा घरांनी वाटून घेतला तर जड नाही.

पाणी मागच्या वाटेनेही येते

पुढच्या दाराला गोण्या लावल्या आणि पाणी मोरीतून आले, असे होते. पुराच्या वेळी गटाराचे पाणी उलटे फिरते. मोरीच्या भोकाला चिंध्यांचा बोळा घट्ट बसवा आणि त्यावर गोणी ठेवा. शौचालयाच्या भांड्यातही प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून एक लहान गोणी बसवा. मागचे दार आणि भिंतीतून पाइप जाण्यासाठी पाडलेले भोक विसरू नका.

कुडाचे घर असेल तर दाराच्या गोण्यांचा भरवसा धरू नका. पाणी भिंतीतूनच येईल. कच्च्या विटांच्या भिंतीचेही तेच. तिथे गोण्या घराच्या वरच्या अंगाला, पाणी ज्या दिशेने येते तिकडे तिरप्या रचा, म्हणजे लोंढा घराला सरळ धडकणार नाही. आणि सामान जमिनीवरून वर घ्या. तेच तिथे खरे संरक्षण.

माझी गोणी, तुझे घर

इथे आम्हांला एक कडू गोष्ट सांगायची आहे. एका वस्तीत एका सुखवस्तू घराने पाऊस वाढताच आपल्या अंगणाभोवती गोण्यांचा चांगला बांध घातला. ते घर कोरडे राहिले. पण त्या बांधाने वळलेले पाणी शेजारच्या विधवा बाईच्या घरात शिरले. त्याआधी तिच्या घरात कधी पाणी आले नव्हते. त्या घराचा हेतू वाईट नव्हता, पण दोन घरांतले बोलणे मात्र तुटले.

पाणी नाहीसे होत नाही. इथून अडवले की तिथे जाते. म्हणून गोणीचा विचार घरापुरता करता येत नाही. मे महिन्यात वस्तीतल्या चार जाणत्या माणसांनी आणि तरुणांनी एकदा वस्तीतून चालत जावे. पाणी कुठून येते, कुठे साचते आणि कुठून बाहेर पडते, हे म्हाताऱ्या बायांना विचारावे. त्यांना सगळे ठाऊक असते. मग ठरवावे, की दारे अडवायची, पण पाण्याची गल्ली मोकळी ठेवायची. त्या गल्लीत कोणी ओटा वाढवला असेल, लाकडे रचली असतील किंवा मोरी बुजवली असेल तर ती आधी मोकळी करावी. गोण्या रचण्याआधी गटार उपसणे हे निम्मे काम आहे. ज्या घरात एकटी बाई, म्हातारे जोडपे किंवा आजारी माणूस आहे, त्यांच्या दाराच्या गोण्या वस्तीने भरून द्याव्यात.

आम्ही समतेवर भाषणे ऐकतो, टाळ्या वाजवतो. वस्तीत पाणी शिरते त्या दिवशी ती समता किती खरी हे कळते.

गोणी सोडून निघायचे केव्हा

गोणी हे मालमत्तेचे रक्षण आहे, जिवाचे नव्हे. बाहेरचे पाणी दोन फुटांच्या वर चढू लागले तर ते अडवत बसू नका. बाहेर पाणी आणि आत कोरडे असले की सगळा दाब भिंतीवर येतो, आणि आपल्या साध्या विटांच्या भिंती तो सोसत नाहीत. अशा वेळी पाणी घरात येऊ द्यावे आणि माणसांनी निघावे. घर धुता येते, पडलेली भिंत माणसाच्या अंगावर येते.

महाडची आठवण ठेवा. 22 जुलै 2021 च्या सावित्रीच्या पुरात महाडमध्ये तळमजले बुडाले. ऑगस्ट 2019 मध्ये सांगली-कोल्हापूरला अनेक दिवस पाणी उतरले नाही. तशा पुरापुढे गोण्यांचा काही इलाज नाही. तिथे लवकर निघणे हाच इलाज. धरणातून पाणी सोडल्याचा इशारा आला, तलाठी किंवा पोलीस पाटलाने निघा म्हटले, तर गोण्या मोजत बसू नका.

निघताना मेन स्विच बंद करा. पाण्यात उभे राहून मात्र स्विचला हात लावू नका. गॅसची टाकी बंद करा. वाहत्या पाण्यातून, भरल्या पुलावरून जाऊ नका. मदतीसाठी जिल्हा नियंत्रण कक्षाचा 1077 आणि तातडीचा 112 हे आकडे मुलांकडून पाठ करून घ्या. रुग्णवाहिकेसाठी 108.

कागदांची पिशवी मे महिन्यातच भरून दाराजवळ उंच खुंटीला लावून ठेवा. जातीचे दाखले, आजोबा-पणजोबांचे शाळेचे दाखले, रेशनकार्ड, सातबारा, घरपट्टीच्या पावत्या, मुलांच्या गुणपत्रिका, बँकेचे पुस्तक. प्लॅस्टिकच्या दोन पिशव्या एकात एक घाला. प्रत्येक कागदाचा मोबाइलवर फोटो काढून दुसऱ्या गावातल्या नातेवाइकाकडे पाठवून ठेवा. आणि ज्यांचा जुना दाखला आधीच गेला असेल त्यांनी खचून जाऊ नये. शाळेचे जुने रजिस्टर शाबूत असेल तर त्याच्या उताऱ्यासाठी अर्ज करता येतो. त्या आजींनाही आम्ही हेच सांगितले.

पाणी उतरल्यावर

घाई करून सगळे धुऊन टाकू नका. आधी भिंतीवरची रेघ, भिजलेले धान्य, मोडलेले सामान यांचे फोटो काढा. तलाठ्याकडून पंचनामा करून घ्या. आपले नाव यादीत आहे की नाही ते स्वतः पाहा.

पुरात भिजलेल्या गोण्यांना गटाराचे पाणी लागलेले असते. त्या मुलांना हाताळू देऊ नका. पायात बूट, हातात मोजे घालून उचला. त्या पाण्यात उंदरांच्या मुतातून लेप्टोचे जंतू येतात आणि पायाच्या जखमेतून शरीरात शिरतात. ताप आला, अंग आणि पोटऱ्या दुखू लागल्या तर घरगुती काढा पीत बसू नका. प्राथमिक आरोग्य केंद्रात जा आणि पुराच्या पाण्यात उभे राहिल्याचे डॉक्टरांना सांगा. गोण्यांच्या ढिगात साप दडतात. ओल्या ढिगात हात घालण्याआधी काठीने हलवा. चावलाच तर मांत्रिकाकडे नव्हे, थेट सरकारी रुग्णालयात जा.

हीच विद्या दिवाळीनंतर

आपल्या तालुक्यांचे एक दुर्दैव आहे. जुलैत ज्या वस्तीच्या दारात पाणी असते, एप्रिलमध्ये त्याच वस्तीच्या बाया हंडा घेऊन टँकरची वाट पाहतात. भातसा शहापूर तालुक्यात, तानसा शहापूर तालुक्यात, मुंबईची तहान यांच्यावर भागते, आणि शहापूरच्या पाड्यांना उन्हाळ्यात टँकर लागतो.

या दोन्ही दुःखांचा विचार एकत्र करणारा माणूस आपल्या घरोघरी भिंतीवर आहे. बाबासाहेब 1942 ते 1946 या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते, आणि पाटबंधारे व वीज हे विषय त्यांच्याकडे होते. 1943 मध्ये दामोदर नदीच्या पुराने बंगालमध्ये हाहाकार केला. 3 जानेवारी 1945 ला कलकत्त्यात दामोदर खोऱ्याच्या योजनेसाठी बैठक भरली, तिचे अध्यक्ष बाबासाहेब होते. त्यातूनच पुढे 1948 मध्ये दामोदर खोरे महामंडळ उभे राहिले. 8 नोव्हेंबर 1945 ला कटकच्या बैठकीत त्यांनी ओरिसातील नद्यांविषयी विचार मांडला. पुराचे पाणी म्हणजे केवळ संकट, ते लवकरात लवकर समुद्राला घालवावे, ही जुनी समजूत त्यांना मान्य नव्हती. पाण्याच्या अतिरेकापेक्षा पाण्याच्या अभावाने माणसाला जास्त सोसावे लागते, म्हणून ते साठवून कामाला लावावे, असे त्यांचे म्हणणे होते.

मोठी धरणे सरकार बांधते. आपल्या हातात आहे तो वनराई बंधारा. पाऊस संपला की ओहोळात माती-रेतीने भरलेल्या सिमेंटच्या गोण्या रचून जो कच्चा बंधारा घालतात, तो आपल्या दोन्ही तालुक्यांत अनेकांनी श्रमदानाने घातलेला आहे. गोणी निम्मी भरणे, सांधा मोडणे, पायाने दाबणे, हे सारे तिथेही असेच आहे. म्हणजे ही विद्या आपल्या हातांत आधीपासून आहे. कार्तिकात जी ओहोळात वापरतो, ती आषाढात दारात वापरायची, इतकाच फरक. मात्र बंधाऱ्याच्या गोण्या पावसाळ्याआधी ओहोळातून काढून घ्या. राहिल्या तर पहिल्या लोंढ्याने मोरीत जाऊन अडकतात आणि पाणी वस्तीत वळवतात. आणि दाराच्या गोण्यांना गटाराचे पाणी लागले असेल तर त्या बंधाऱ्यात घालू नका. त्यासाठी नव्या गोण्या घ्या.

एवढे ठरवू या

चौदा एप्रिलला आपण वर्गणी काढतो, मंडप घालतो, मिरवणूक काढतो. चार दिवसांत शे-दोनशे हात एकत्र येतात. तेच हात वैशाख पौर्णिमेला विहाराच्या अंगणात एक सकाळभर एकत्र आले, तर पंचवीस दारांच्या गोण्या दुपारपर्यंत भरून होतात. जयंतीच्या शिल्लक वर्गणीतून एक ब्रास रेती, सुतळीची गुंडी आणि मेणकापड घ्या. फावडी-घमेली विहारात एका कोपऱ्यात ठेवा आणि किल्ली कोणाकडे आहे ते सर्वांना सांगा. विहार उंचावर असेल तर पुराच्या दिवशी म्हातारी माणसे आणि लहान मुले तिथेच न्यायची, हेही आधी ठरवा. मुलींना आणि सुनांना गोणी रचायला शिकवा, कारण त्या दिवशी घरात त्याच असतील.

आम्ही निघालो तेव्हा त्या आजींनी खाटेखालच्या रिकाम्या गोण्या बाहेर काढून अंगणात मोजायला घेतल्या होत्या. नात दोरीवर वाळत घालत होती. बावीस निघाल्या. दाराला सहा पुरे होतात. बाकीच्या कोणाच्या दाराला लावायच्या, याचा विचार आजी नातीला बोलून दाखवत होत्या.